पऱ्हाट्यांच्या गावात दडवलेलं

त्या वर्षांचा विषय निघाला की मी गप्प बसतो. यवतमाळचा माणूस म्हटलं की बाहेरगावचे लोक आवाज खाली आणतात आणि जपून जपून कापसाचं विचारतात. मी नुसती मान हलवतो. त्यांना वाटतं, याच्याच्यानं बोलवत नसेल. खरं असं आहे की मला सांगायची लाज वाटते. आजूबाजूला माणसं खचत होती, जिनिंगचे भोंगे एकेक करून मुके झाले होते, आणि त्यातल्याच एका नवरात्रात मी जन्मात कधी नव्हतो इतका आनंदात होतो. आता पन्नाशी ओलांडली. एकदा सरळ लिहून टाकावं म्हणतो.

मी एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचो. आमच्या घरात आजोबांपासून कचेरीच. बोलणं कमी, मान खाली. चौकातल्या दुर्गोत्सव मंडळात माझं काम पाट्या रंगवायचं. 'चपला इथे काढा', 'महिलांची रांग' वगैरे.

यवतमाळचं नवरात्र ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे सांगायला हवं की आमच्याकडे देवी एकटी बसत नाही, तिच्याभोवती आख्खा मुलूख बसतो. कुठे राजवाडा, कुठे गुहा, कुठे कापडाचा बर्फ लावलेला डोंगर. लोक एका दारानं आत शिरतात, त्या मुलखातून चालत देवीपर्यंत जातात आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडतात. नेरहून, घाटंजीहून, पार उमरखेडहून माणसं येतात. कोणी एसटीनं, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. कोणाच्या मंडपासमोर रांग किती लांब, यावर त्या चौकाची इज्जत ठरते.

त्या वर्षी आमच्या चौकात वर्गणी मागायचीच सोय नव्हती. रस्त्यापलीकडच्या मंडळानं मात्र बाहेरून कारागीर आणून आरशांचा महाल उभा करायला घेतला होता. आमचे अध्यक्ष बैठकीत म्हणाले, "यंदा नुसता घट बसवू. देवी काही रागावत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा मी बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"गाव करू," मी म्हणालो. "पऱ्हाट्यांचं."

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. वेचणी संपली की उपटून जळणासाठी ढीग रचतात. जिल्ह्यात दुसरं काही नसलं तरी पऱ्हाट्यांना तोटा नव्हता.

कोषाध्यक्ष हसले. "अबे, गाव पाहाले गावचे लोक कायले येतीन? ते गावातूनच तर येऊन राह्यले."

"येतील," मी म्हणालो.

"अन् नाही आले त?"

अध्यक्षांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे मुकं मानूस बोललं," ते म्हणाले. "आता करनंच आलं बापा."

मला गाव का सुचलं, ते त्या बैठकीत मी सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. ते गाव म्हणजे माझ्या बायकोचं माहेर होतं.

तिचं माहेर घाटंजीच्या बाजूला आहे. त्या उन्हाळ्यात तिच्या आईच्या शेजारच्या घरी एक मरण झालं होतं. कसं, ते त्या वर्षांत कोणाला विचारावं लागत नव्हतं. मग गाडी करून फोटोवाले आले. शेजाऱ्याच्या घरावर नवीन टिनं होती, भिंती विटांच्या होत्या. फोटोत ते घर पुरेसं दुःखी दिसेना. म्हणून त्यांनी फोटोसाठी बाजूचं घर निवडलं. पऱ्हाट्यांच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं. दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या. समोरचे दोन दात पडलेले, म्हणून लाजून पदराचा बोळा तोंडाशी धरलेला. पेपरात तो फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं की ही घरधनी गमावलेली बाई. घरधनी फोटोच्या चौकटीबाहेर बाजेवर बसून चहा पीत होता.

सासरे तो पेपर घेऊन गावभर फिरले. "पाहा, मी मेलो," म्हणत सगळ्यांना दाखवत होते. लोक हसले. शेजारच्या घरचेही थोडे हसले म्हणे. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी दारात उभं राहणंच सोडलं. कोणी नवीन माणूस आला की आतूनच विचारायच्या, कोण आहे.

बायकोनं तो पेपर चुलीत घातला. त्यानंतर माहेरच्या घराबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आधी किती बोलायची.

आणि मी ते घर चौकात उभं करायला निघालो होतो. तिला शेजारणीकडून कळलं.

"आधी ते कॅमेरेवाले," ती म्हणाली. पोळी लाटत होती, लाटणं थांबवलं नाही. "आता तुमी. माह्या मायच्या घराची जत्रा भरवता का?"

"तसं नाही."

"मंग कसं?"

मनात सगळं होतं, तोंडात काही येत नव्हतं. शेवटी म्हणालो, "तू येऊन पाहा. तू म्हटलं की हे खोटं हाये, तर त्याच दिवशी मोडतो. देवीपुढं फक्त समई ठेवू."

"मी नाही येत," ती म्हणाली.

तिला न विचारता मी ते घर देखाव्यासाठी उचललं होतं. लग्नापासून दरवर्षी दिवाळीत त्या घरी जायचो, बाजेवर बसायचो, आणि बोलायला येत नाही म्हणून नुसता बघत राहायचो. नकाशे काढणाऱ्याची नजर वाईट असते, जे दिसतं ते मोजून ठेवते. ते घर माझ्या डोक्यात भिंती-कोनाड्यांसकट तयार होतं. चोरीचाच माल म्हणा. तरी कामाला लागलो, आणि पहिल्या दिवसापासून माझ्या अंगात काहीतरी संचारल्यासारखं झालं. कचेरीतून सुटलो की मंडपात. गावोगावहून शहरात येणाऱ्या बैलगाड्यांनी पऱ्हाट्या आणून टाकल्या. चौकातल्या बायांनी कुड लिंपले. मी, जो चहावाल्याला साखर कमी म्हणून सांगू शकत नव्हतो, मी सगळ्यांना ओरडून सांगत होतो: इथं वळण हवं, पुढचं दिसलं नाही पाहिजे, भिंत इतकी सरळ नको, कोणतं घर सरळ असतं?

मोठ्या गोष्टी सगळ्यांसाठी होत्या. वेस, गल्ली, तीन घरं, शेवटी पारावर देवी. बारीक गोष्टी मात्र मी एकाच माणसासाठी दडवल्या. ती आलीच, तर तिला कळावं की मी तमाशा पाहायला त्या घरी जात नव्हतो.

वेशीतून आत आलात की डाव्या हाताला बाभळीची फांदी होती. तिच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकवले होते, गाडीच्या उंचीवर, म्हणजे भरलेली गाडी नुकतीच घासून गेली असावी. पहिल्या घराच्या दाराच्या चौकटीवर पांढरी बोटं उमटलेली. सासरे तंबाखू मळून झाली की उरलेला चुना तिथंच पुसत. दोरीवर एक जुनं लुगडं, कापूस वेचताना कमरेला झोळी करून बांधतात ते. त्याच्या शिवणीत वाळक्या पानांचा चुरा. भिंतीवर एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ, तिथे कधी काळी कॅलेंडर असणार. बाजेखाली डालं, डाल्यावर दगड, आणि डाल्याखाली कोंबडी. ही खरी होती. उपवासाच्या दिवसांत मंडपात कोंबडी म्हणून कोषाध्यक्ष भडकले, पण डालं उचललं की ती अशी चोच मारायची की कोणाच्यानं हात लावणं होईना, म्हणून राहिली.

आणि कोनाडा. चुलीच्या अंगाला, जरा आत, वाकून पाहिल्याशिवाय न दिसणारा. त्यात फुटक्या आरशाचा तुकडा आणि फणी. सासूबाई रोज सकाळी तिथं कुंकू लावतात आणि बोटाला उरलेलं कुंकू कोनाड्याच्या कडेला पुसतात. वर्षानुवर्षांचं ते कुंकू एकावर एक बसून कडेला तांबडा थर झालेला. तो थर करायला मी तिथं बसून रोज थोडं थोडं कुंकू पुसत होतो. एकदम फासलं असतं तर रंग वाटला असता.

गल्लीच्या शेवटी, देवीच्या अलीकडे, डब्यांतून आणलेली खरी कपाशीची झाडं लावली होती. बोंडं नुकती फुटायला लागलेली. धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाच्या बाजूच्या, झाडाखाली मी पाच खडे मांडले. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया शेतात असे खडे मांडून हळद-कुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य ठेवतात आणि मगच बोंडाला हात लावतात. सीतादही म्हणतात त्याला. माझे खडे नाल्यातले होते, नुसते दिसण्यापुरते. एवढीच माझी समज.

घट बसले त्या संध्याकाळी दार उघडलं. लोक आले आणि भसाभस बाहेर गेले. आमच्या स्वयंसेवकांना सवय एकच, रांग हलती ठेवायची. "चला पुढे, चला पुढे, मागच्याला येऊ द्या." बाभळीकडे कोणी पाहिलं नाही. चुना कोणाला दिसला नाही. पलीकडे महालासमोर रांग पेट्रोलपंपाच्याही पुढे गेली. कोषाध्यक्ष माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि तिकडची माणसं मोजू लागले. ते मोजणं मला लागलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच चाललं होतं. तेवढ्यात रांग अडली. मी धावत गेलो. नेरकडची एक बाई कपाशीसमोर उभी होती. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. खाली वाकली, खडे पाहिले, आणि तिच्याबरोबरच्या बाईला म्हणाली, "अवं, हे त मांडलं हाये. अन् नैवेद्यच नाही."

"देखावा हाये मावशी," स्वयंसेवक म्हणाला. "चला पुढे."

"देखावा तुया घरचा," ती म्हणाली. "मांडलेलं उपाशी ठेवतेत का रे?"

तिच्या पिशवीत वाटेत खायला आणलेला दहीभात होता. तिनं डबा उघडला, पानावर घास ठेवला, कपाळाचं कुंकू बोटानं घेऊन खड्यांना लावलं आणि हात जोडले. मग दुसरीनं. मग मागच्यांनी. कोणाकडे दही होतं, कोणाकडे साखर, कोणी नुसतंच पाणी शिंपडलं. रांग वेशीपर्यंत तुंबली, वेशीबाहेर गेली, रस्ता ओलांडून महालाच्या रांगेत शिरली. तिकडचे लोक विचारू लागले, तिकडे काय आहे, इतकी गर्दी कशाची?

अध्यक्ष घाम पुसत आले. "हे काय करून ठेवलं तू? देवीच्या आधी गोट्यांची पूजा चालू हाये."

"मी नुसते ठेवले होते," मी म्हणालो.

"नुसते ठेवले," ते म्हणाले. "बयताड. या जिल्ह्यात दगड नुसता ठेवता येते का?" मग रांगेकडे पाहिलं. मग पलीकडच्या महालाकडे. आणि स्वयंसेवकांवर ओरडले, "ढकलू नका रे कोनाले. पाहू द्या निवांत."

लोक थांबायला लागले आणि त्यांना दिसायला लागलं. आधी चुना सापडला, एका म्हाताऱ्याला, आणि तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग बाभळीवरचा कापूस. मग कोंबडी. बाहेर निघालेले लोक आत चाललेल्यांना हटकू लागले: "कोंबडी पाह्यली का? नाही? मंग तुमी काय पाह्यलं?" पाहून गेलेले परत रांगेत उभे राहत. ज्या गोष्टी मी दडवल्या नव्हत्या त्याही लोकांना सापडल्या. कुडाला रंगाऱ्याचा विसरलेला ब्रश होता, तो पाहून एकजण म्हणाला, "पोरीचं लग्न ठरलं दिसते या घरी, रंगरंगोटी काढली." मी मागं उभा राहून ऐकत होतो. ज्यांचं पीक बुडालं होतं ती माणसं माझ्या गावात मुलांसारखी शोधत फिरत होती, एकमेकांना चिमटे काढत होती, आणि मला वाटत होतं, मी काहीतरी जिंकलो. त्या दिवसांत असं वाटून घेणं बरं नव्हतं. पण वाटत होतं, दुसरं काय सांगू.

फक्त ती आली नव्हती. नळावर बाया तिला विचारत, तुझ्या नवऱ्यानं अजून काय काय दडवलंय, सांग ना. तिला ठाऊक नव्हतं. घरी आली की भांडी जोरात ठेवायची. माझी जीत तिच्या एका शब्दावर अडकली होती. ती खोटं म्हणाली असती तर मी खरंच मोडलं असतं. रांग बसस्टँडपर्यंत असती तरी.

अष्टमीला सासूबाई एसटीनं आल्या. देवीची ओटी भरायला म्हणून. घरी पाणी प्यायल्या आणि लेकीला म्हणाल्या, "चाल, जवायानं काय मांडलं ते पाहू."

"काही नाही त्यात," बायको म्हणाली.

"काही नाही त पाहून येऊ," सासूबाई म्हणाल्या. "एसटीत बाया माह्याशी भांडल्या, घाटंजीचं गाव हाये का नेरचं म्हनून."

मी घरातून आधीच निघालो आणि मंडपात कुडाच्या मागे जाऊन उभा राहिलो. पुढून घर दिसतं, मागून नुसत्या पऱ्हाट्या, सुतळ्या आणि बांबू. फटीतून उजेड येत होता. आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत. दिवे लागायची वेळ होती.

दोघी आत आल्या. मग दारापाशी सासूबाई म्हणाल्या, "हा चुना पाय वं. तुह्या बापाले इथंही आनलं का?"

दोघी दोरीपाशी आल्या.

"लुगडं त माह्यंच वाटते. नाही, माह्याले ठिगळ हाये."

पुढे पावलं आली. चुलीपाशी थांबली. बांगड्यांचा आवाज आला. सासूबाई वाकत असणार, गुडघ्यावर हात ठेवून. मला खोकला आला, तो मी कसाबसा दाबला.

"हे," सासूबाई म्हणाल्या. "हे त माह्यं बोट हाये."

फटीतून मला त्यांचा हात दिसला. कोनाड्याच्या कडेला त्यांनी स्वतःचं बोट लावून पाहिलं, थराच्या बरोबर खाली. कपाळाला हात गेला, थोडं कुंकू बोटावर आलं, ते त्यांनी तिथं पुसलं. घरी पुसतात तसंच, खालून वर.

"माय," बायको म्हणाली. एवढंच.

"काहून रडतं वं? घर त आपलंच हाये." मग आजूबाजूला बघत, "पन आपल्या घरी इतकी झाडझूड कवा होती?"

आणि माझी बायको हसली. पेपर चुलीत गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. हसता हसता तिनं कुडावर थाप मारली, माझ्या छातीच्या समोरच.

"अवो, तिकडं उभे हा ना? तुमचा खोकला वळखू येते."

"हो," मी म्हणालो.

"मोडू नका."

बाहेर ढोल चालू होता, तिला माझं 'बरं' ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मी सुतळ्यांच्या जंजाळातून वाट काढत पुढे आलो. तोवर सासूबाई दमून बाजेवर बसल्या होत्या. ती बाज पाहण्यासाठी होती, बसण्यासाठी नव्हती, पण त्या आपल्या बाजेवर बसल्या होत्या. पाय वर घेतले, पदर सावरला. तोंडाशी नाही धरला. येणारे लोक त्यांच्याकडे पाहून थबकत होते. उमरखेडकडच्या एका माणसानं आपल्या बायकोला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, "ही पुतळी पाहा, किती हुबेहूब केली."

"पुतळी कोनाले म्हनतं रे?" सासूबाई म्हणाल्या, आणि दोन दात नसलेलं तोंड उघडून मनापासून हसल्या. तो माणूस दचकून मागच्याच्या पायावर पडला. गल्लीभर हशा. मग त्यांनी त्याला विचारलं, कोणत्या गावचा, कोणाचा कोण, पाऊस कसा आहे तिकडे, बसा ना, उभे काहून. तो खरंच टेकला. त्याची बायकोही टेकली.

माझी बायको तिकडे रांगेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली होती आणि लोकांना अडवत होती. "असे काहून पयता? थांबा. इथं वाका. हे कुंकू पाहा. हे माह्या मायचं हाये." प्रत्येकाला. पुन्हा पुन्हा.

एक नवा स्वयंसेवक शिट्टी वाजवत आला. "आजी, उठा तिथून, रांग अडली."

सासूबाईंनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. "माह्या घरून मले उठवतं का?" त्या म्हणाल्या. "जाय, त्या पाव्हण्याले पानी आन."

तो माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, आण, आणि येताना गुळाचा खडाही आण. तो गेला. रांग तशीच उभी होती, वेशीबाहेर, रस्त्यापलीकडे, आणि कोणाचीही पुढे जायची घाई दिसत नव्हती.